सिग्नल लाल आणि मागे रुग्णवाहिका. चौकात वाट नेमकी कशी द्यायची?

संध्याकाळची वेळ. चौकात सिग्नल लाल, तीन रांगांमध्ये गाड्या उभ्या आणि मागून रुग्णवाहिकेचा सायरन. वाट द्यायला तिथे कुणाचीच ना नसते. तरीही पहिल्या रांगेतला चालक कॅमेऱ्याकडे बघत ई-चलनाच्या धास्तीने जागचा हलत नाही, मागचे हॉर्न वाजवत राहतात आणि दुचाक्या पुढे सरकून उरलीसुरली फटही भरून टाकतात. अशा वेळी नक्की काय करायचं, हे लायसन्स काढताना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम १९४ ई आलं. अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेलं आपत्कालीन वाहन येत असताना आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा केंद्रीय कायद्यात आहे. म्हणजे कायद्याची अपेक्षा साधी आहे: कडेला व्हा. सिग्नल तोडून चौक ओलांडा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

लाल सिग्नल ओलांडण्याची सवलत आपत्कालीन वाहनाच्या चालकाला आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत ती दिलेली आहे, आणि तीही खरोखर तातडी असताना, सायरन व दिवे चालू ठेवून आणि पुरेशी काळजी घेऊन. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या कारला ही सवलत आपोआप मिळत नाही.

पहिल्या रांगेत असाल तर

सायरन ऐकताच घाबरून थेट चौकात गाडी घालणं ही सर्वात धोकादायक चूक. आडव्या रस्त्यावरच्या लोकांना हिरवा सिग्नल असतो. ते वेगात येत असतात आणि बंद काचांमुळे किंवा कोपऱ्यावरच्या इमारतींमुळे त्यांना कदाचित सायरन ऐकूही आलेला नसतो. तिथे अपघात झाला तर ज्या रुग्णवाहिकेसाठी जागा करायची होती, तिचीच वाट बंद होते.

त्यापेक्षा स्टिअरिंग कडेकडे वळवून गाडी हळूहळू तिरकी सरकवावी. डावीकडच्या रांगेने डावीकडे, दुभाजकाला लागून असलेल्या रांगेने उजवीकडे. मध्ये एका गाडीपुरती वाट झाली की काम झालं. त्यासाठी पुढचं चाक थांबण्याच्या पट्टीच्या थोडं पुढे गेलं तरी झेब्रा क्रॉसिंगवर कुणी चालत नाही ना, हे आधी बघायचं. चौकात वाहतूक पोलीस असेल तर प्रश्नच मिटतो, कारण त्याच्या हाताचा इशारा दिव्यापेक्षा वरचढ असतो. आणि वाट देताना चुकून चलन आलंच, तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर त्याविरुद्ध तक्रार नोंदवता येते. डॅशकॅम असेल तर ते चित्रण जपून ठेवावं.

वाट मागच्या रांगांमुळे अडते

विसर्जन मिरवणुकीतली प्रचंड गर्दी दुभंगून रुग्णवाहिकेला वाट देते, असे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि त्यांचं कौतुकही होतं. मग तीच माणसं चारचाकीत बसल्यावर का हलत नाहीत? कारण माणूस जागच्या जागी बाजूला सरकू शकतो, गाडी नाही. गाडीला तिरकं व्हायला पुढे मोकळी जागा लागते. आपल्याकडे सिग्नलला बंपरला बंपर लावून उभं राहायची सवय आहे, त्यामुळे इच्छा असूनही कुणाला वळता येत नाही.

यावर उपाय सायरन वाजण्याच्या आधीच करावा लागतो. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील, एवढं अंतर ठेवायचं. दुचाकीस्वार त्या फटीत घुसतात हे खरं, पण दुचाकी उचलूनही बाजूला करता येते.

तुमचा सिग्नल हिरवा असेल तर

हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आडव्या रस्त्याने सायरन येतोय आणि आपल्याला हिरवा दिवा आहे. अनेकांना वाटतं, निघून जाऊ पटकन. पण चौकात शिरणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाला प्रत्येक रांग थांबली का, हे एकेक करून बघत पुढे जावं लागतं. एक गाडी सटकली की त्याला पुन्हा ब्रेक, आणि आत स्ट्रेचरवरच्या माणसाला पुन्हा धक्का. त्यामुळे हिरवा असूनही चौकाच्या अलीकडेच थांबावं, मात्र मागचा येऊन धडकेल असा अचानक ब्रेक मारू नये. चौकाच्या मध्यावर असाल तर तिथे थांबू नका, आधी बाहेर पडा आणि मग डावीकडे व्हा.

‘रिकामीच तर चाललीय’

हे वाक्य प्रत्येक चौकात ऐकू येतं. आत पेशंट दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हर उगाच सायरन वाजवतोय, असा समज. काही जण तसं करत असतीलही. पण १०८ वर फोन आल्यावर निघालेली रुग्णवाहिका रिकामीच असणार, कारण ती रुग्णाकडे चाललेली असते. त्या रुग्णाला अजून ऑक्सिजनही मिळालेला नसतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मेंदूच्या मोठ्या झटक्यात उपचारांविना मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. लाल सिग्नलचा एक फेरा किती सेकंदांचा असतो, ते डिजिटल टायमरवर दिसतंच. खरी तातडी आहे की नाही, हे काचेतून बघून ठरवणं कुणालाच शक्य नाही.

गाडी निघून गेल्यावर

रुग्णवाहिका पुढे गेली की तिच्या शेपटाला धरून चौक पार करणाऱ्या दुचाक्या आणि रिक्षा सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. ती वाट त्यांच्यासाठी झालेली नसते, आणि पुढे रुग्णवाहिकेने ब्रेक मारला तर मागच्याला थांबायला जागा उरत नाही. अग्निशमन दलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आगीच्या ठिकाणी सहसा एकच गाडी जात नाही, बंबामागून पाण्याचा टँकर येतो. हजारो लिटर पाणी भरलेल्या टँकरला थांबायला कारपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. त्यामुळे पहिली लाल गाडी गेल्यावर लगेच रांगेत परतण्याआधी आरशात पुन्हा एकदा बघावं.