आच कुठवर जाते

सकाळी ८
कोलोराडोतल्या ट्रिनिडाडमध्ये १९४७ पासून बंदूक-दुरुस्ती शिकवणारं कॉलेज आहे. त्यामुळे इथलं गिऱ्हाईक जाणतं असतं. ‘बोल्टचं हँडल बदलून द्या’ एवढ्यावर न थांबता ‘जोडणार कशानं?’ असंही विचारतं. आज टेबलावर दोन कामं आहेत. पहिली माउझर ९८. तिचा दस्ता आणि नळी फार पूर्वीच कुणीतरी शिकारीसाठी बदलून घेतली आहे. लष्करी सरळ हँडल मात्र तसंच राहिलं, आणि बोल्ट उघडताना ते उभं होऊन दुर्बिणीला अडतं. दुसरी रेमिंग्टन ७००. हिच्या मालकाला हिवाळ्यातले जाड हातमोजे घालूनही हाती येईल असं लांब, मोठ्या गोळ्याचं हँडल हवंय.

साडेआठ
दोन्ही रायफली रिकाम्या आहेत ना, हे आधी डोळ्यांनी आणि मग बोटानं तपासलं. फायरिंग पिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर काढून बाजूला ठेवले.

९
सगळे पहिल्यांदा मजबुतीचं विचारतात. नीट केलेलं वेल्डिंग काय किंवा नीट केलेलं चांदीचं ब्रेझिंग काय, दोन्ही हाताच्या जोराला पुरून उरतात. माझं लक्ष आच कुठवर जाते याकडे असतं. माउझरचा बोल्ट कमी कार्बनच्या पोलादाचा आणि केस-हार्डन केलेला असतो. कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात. गोळी उडताना दाब झेलणारे लॉकिंग लग पुढच्या टोकाला, हँडलपासून लांब आहेत. त्यांचं पाणी उतरलं तर ते दबतात आणि रायफल धोक्याची होते. कॉकिंग कॅम मात्र हँडलच्या बुडाला लागूनच आहे. बोल्ट उचलताना याच तिरप्या खाचेवरून कॉकिंग पीस मागे सरकतो. ती मऊ पडली की झिजते, खरवडते आणि बोल्ट उचलणं जड होतं.

जुनंच हँडल लाल करून वाकवणं सर्वांत स्वस्त. पण त्यात बुडाजवळ बराच वेळ आच द्यावी लागते आणि आकारही मनासारखा मिळत नाही. गॅस वेल्डिंगनं जुन्या कारागिरांनी देखणी कामं केली आहेत, पण ज्योत मोठी, पसरट. कथलाचा डाग इथे देऊच नये. अडकलेलं काडतूस काढताना हँडलवर झटके बसतात, त्यात तो सुटतो. टिग वेल्डिंगचा आर्क एका टोकाशी एकवटलेला असतो. शेजारचा भाग तापायच्या आत थांबता येतं. माउझरसाठी टिगच ठरवलं.

१०
हँडल बुडापासून थोडं सोडून कापलं, दोन्ही कडांना उतार दिला. बोल्टच्या मागच्या आट्यांत धातूचा जाड स्क्रू फिरवून बसवला, म्हणजे आच तो ओढून घेतो. पुढच्या भागावर उष्णता अडवणारी पेस्ट. मग छोटा टाका, थांबणं, पुन्हा टाका. सलग ओढला तर टिग निवडल्याचा उपयोगच उरत नाही.

दुपारी १
जेवण. बोल्ट आपोआप गार होऊ दिला. पाण्यात बुडवला नाही.

दीड
रेमिंग्टनचं हँडल कारखान्यातच ब्रेझिंगनं जोडलेलं असतं. बोल्टच्या गोलाईला बसणारा रुंद पाया, म्हणजे चांदीला धरायला भरपूर जागा. म्हणून इथे मी ब्रेझिंगच निवडतो, जरी बरेच कारागीर आता यालाही टिग करतात. ५६ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली तार घेतली. कॅडमियमचा धूर विषारी असतो. ही तार ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. दोन पृष्ठभागांतली फट ०.०५ ते ०.१२ मिलिमीटर हवी. फट मोठी राहिली तर चांदी ती भरून काढेल, या आशेवर राहू नये. हँडल पुढे-मागे कुठे बसतं यावर उडालेलं काडतूस सैल होणं अवलंबून आहे, म्हणून सगळा वेळ जिगमध्ये जागा साधण्यात गेला. ज्योत लावायला थोडीच मिनिटं लागली.

४
लगांवर फिकट पिवळा रंगसुद्धा दिसता कामा नये. तो साधारण २३० अंशांना येतो. दोन्हींवर नाही. माउझरच्या कॅमवर, न लागणाऱ्या कोपऱ्यात, नवी कानस फिरवली. ती घसरली, धरली नाही. पाणी शाबूत आहे. मग हेडस्पेसचे गेज आणि डमी काडतुसं.

५
दुकान बंद करताना एकजण आजोबांनी महायुद्धातून आणलेली जर्मन माउझर घेऊन आला. काहीही न बदललेली, सगळे नंबर जुळणारी. हँडल बदलून हवं होतं. मी नाही म्हणालो. या रायफलींवर नंबर हँडलच्या बुडावरच ठोकलेला असतो. वेल्डिंगनंतर तो राहत नाही. तुमच्याकडे अशी रायफल असेल तर तिच्यासाठी जोडायची कुठलीही पद्धत निवडू नका. दुर्बिणीसाठी दुसरी रायफल घ्या.