इ-मेलमधील कामगंध सापळे

कोलकात्याच्या नैऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर बजबज हे ताग गिरण्यांचे गाव वसले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते १९१४ च्या कोमागाटा मारू जहाजामुळे स्मरते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा मात्र अशा गावांशी संबंध येतो तो बारदानामुळे. १९८७ च्या ताग आवेष्टन कायद्यान्वये केंद्र शासन अन्नधान्य व काही प्रमाणात साखर तागाच्या पोत्यांतच भरण्याचे बंधन घालते, आणि ही पोती प्रामुख्याने हुगळीकाठच्या गिरण्यांत विणली जातात. खरेदीदार संस्था आणि गिरणी यांच्यात दीड-दोन हजार किलोमीटरचे अंतर असते. परस्परांचा चेहरा बहुधा कोणी पाहिलेला नसतो. दरपत्रक, प्रोफॉर्मा बिल, बँक खात्याचा तपशील, सारे इ-मेलवरून येते-जाते. भामट्यांना नेमके असेच ठिकाण हवे असते.

त्यांची पद्धत संथ आणि चिकाटीची आहे. पहिल्या मेलमध्ये पैशाचा उल्लेखही नसतो. 'आपली मेलपेटी भरली आहे, पुन्हा लॉग-इन करा' किंवा 'सोबतचे कोटेशन पाहा' इतकाच मजकूर असतो. वाचकाने दुव्यावर जाऊन पासवर्ड लिहिला, की त्याच्या खात्याची किल्ली परक्याच्या हाती जाते. परका लगेच काही करीत नाही. तो आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत राहतो. बिल चुकते करण्याची वेळ आली, की गिरणीच्या नावाने पत्र येते: 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.' पोत्यांची संख्या बरोबर, दर बरोबर, खाली सही करणाऱ्याचे नावही बरोबर. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी हे ध्यानात ठेवावे. खाते बदलल्याचे पत्र आल्यास त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या जुन्या नोंदवहीतील क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचित वाटतो. कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. त्यातील ल्यूर मादीच्या गंधाची नक्कल करतो आणि नर पतंग त्यावर झेपावतो. पतंग मूर्ख असतो म्हणून तो फसतो, असे नाही. ज्या संकेताला प्रतिसाद देण्यावर त्याचा वंश टिकून आहे, तोच संकेत आपण बनावटीने तयार केलेला असतो. विस्तार कार्यकर्त्याचेही तसेच आहे. वरिष्ठ कार्यालयाच्या 'तातडीचे' शीर्षकाच्या पत्राला तत्काळ उत्तर देणे हा त्याच्या नोकरीचा भाग होय. म्हणून फसलेल्या सहकाऱ्यास हसणे मला अप्रस्तुत वाटते. हसण्याच्या भयानेच अशा घटना दडवल्या जातात.

मग ओळखावे कसे? सिरफिड माशी आणि मधमाशी यांचे पिवळे-काळे पट्टे वरवर सारखेच दिसतात. रंगावरून ठरवणारा फसतो. पंख मोजणारा फसत नाही, कारण माशीला पंखांची एकच जोडी असते. इ-मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव, बोधचिन्ह, राजमुद्रा हे सारे पट्टेच. ते कोणीही रंगवू शकतो. पंख म्हणजे पत्ता. तो नावाच्या मागे दडलेला असतो. नावावर बोट ठेवताच उघड होतो. '@' चिन्हापुढचा भाग शेवटाकडून वाचावा. भारत सरकारची व राज्य शासनाची कार्यालये 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वापरतात आणि हे शब्द पत्त्याच्या अगदी अखेरीस यावे लागतात. 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' असे लिहून पुढे आणखी काही शब्द व 'डॉट कॉम' आले, तर तो पत्ता शासनाचा नव्हे. इंग्रजी 'एम' च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिले, तर घाईत डोळ्याला फरक जाणवत नाही, हेही लक्षात असावे. पत्ता अस्सल असूनही खाते चोरांच्या ताब्यात गेलेले असू शकते. तेव्हा मागणी काय आहे, हेही पाहावेच.

शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटे पत्र ओळखावे, असे पूर्वी सांगितले जाई. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर लुटले गेले, तेव्हा आणखी २ कोटी डॉलर वाचले ते 'फाउंडेशन' या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगमुळे मध्यस्थ बँकेला संशय आला म्हणून. अमेरिकी तपास यंत्रणेने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, या दरोड्याआधी वर्षभर बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाच्या नावाने आर्जवी इ-मेल आले होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्दोष मराठीतही पत्रे लिहिता येतात. चुकीच्या स्पेलिंगवर विसंबण्याचे दिवस सरले.

किडींप्रमाणे या पत्रांनाही हंगाम असतो. पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता जवळ आला की 'इ-केवायसी अपूर्ण' असे संदेश फिरू लागतात. पीएम-कुसुम योजनेत सौर पंपासाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी इशारे दिले आहेत. 'एपीके' प्रकारची फाइल उघडण्यास सांगणारा संदेश तर सरळ पुसून टाकावा. शासकीय ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे.

फसगत झालीच, तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि स्वतःच्या बँकेस लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड अथवा ओटीपी दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. संकोचात गेलेला एक तासही महागात पडतो, तो असा. मेलचा पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून बदलावा व द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. कोणी गुपचूप 'फॉरवर्ड' चा नियम लावून ठेवला आहे का, हे सेटिंगमध्ये तपासावे. पासवर्ड बदलूनही पत्रे त्या वाटेने जात राहतात.

विस्तार कार्यकर्त्याच्या मेलपेटीत स्वतःपेक्षा इतरांचीच माहिती अधिक असते: लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, पासबुकांची छायाचित्रे, सातबारे. एक पासवर्ड गेला तर साऱ्या गावाचा तपशील जातो, आणि त्या शेतकऱ्यांना त्याची वार्ताही नसते. यापुढे आधारची प्रत आवश्यक असेल तेथे शक्यतो केवळ शेवटचे चार अंक दर्शवणारी 'मास्क्ड' प्रत घ्यावी. काम संपलेल्या जुन्या याद्या या आठवड्यातच काढून टाकाव्यात. 'सेंट' आणि 'ट्रॅश' या दोन कप्प्यांतूनही.