मोडीचा भाव आणि चालत्या धंद्याची किंमत



प्रत्येक दुकानाला दोन किमती असतात. एक चालत्या दुकानाची आणि दुसरी, ते मोडीत काढले तर हाती काय पडेल त्याची. चालत्या दुकानाच्या किमतीत गिऱ्हाइकांचा राबता, मालकाची पत, जागेचे महत्त्व या सर्वांचे मोल धरलेले असते. मोडीच्या भावात यांपैकी काही नसते. गल्ल्यातली रोकड, उधारीची वही आणि फळीवरचा माल एवढेच तेथे मोजावयाचे, आणि त्यातून सर्वांचे देणे वजा करावयाचे. साहजिकच पहिली किंमत दुसरीपेक्षा मोठी असावयास हवी. परंतु शेअरबाजारात कधी कधी असे घडते की, चालू असलेली, दारावर पाटी असलेली कंपनी मोडीच्या भावाहूनही स्वस्त विकली जाते. हे कसे घडते, हा भाव काढावयाचा कसा, आणि पगारातून चार पैसे शिल्लक टाकणाऱ्या माणसाने त्यावर कितपत विसंबावे, हा आजचा विषय आहे.

या विचाराचे जनक बेंजामिन ग्रॅहम. १८९४ साली लंडनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ लहानपणीच न्यूयॉर्कला गेले, तेथील शेअरबाजारात वाढले आणि १९२८ पासून कोलंबिया विद्यापीठात गुंतवणुकीचे शास्त्र शिकवू लागले. १९२९ च्या सप्टेंबरात डाऊ-जोन्सचा निर्देशांक ३८१ वर होता. १९३२ च्या जुलैमध्ये तो ४१ वर आला. त्या १९३२ सालीच ग्रॅहम यांनी ‘फोर्ब्स’ नियतकालिकात एक लेखमाला लिहिली. न्यूयॉर्कच्या बाजारातील सुमारे सहाशे औद्योगिक कंपन्यांचे ताळेबंद तपासले असता त्यांतील दोनशेहून अधिक कंपन्या आपल्या निव्वळ चालू मालमत्तेहून कमी किमतीत विकल्या जात आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेतील उद्योगधंदे जिवंत असण्यापेक्षा मेलेलेच अधिक मोलाचे आहेत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

आता ‘निव्वळ चालू मालमत्ता’ म्हणजे काय ते पाहू. कंपनीच्या ताळेबंदात मालमत्तेचे दोन भाग असतात. जमीन, इमारती, यंत्रे ही स्थिर मालमत्ता. रोकड, बँकेतील ठेवी, गिऱ्हाइकांकडून यावयाची येणी आणि गोदामातील माल ही चालू मालमत्ता. वर्षभरात तिचे पैशात रूपांतर व्हावे अशी अपेक्षा असते. ग्रॅहम यांनी स्थिर मालमत्ता हिशेबातून पार पुसून टाकली. कारखान्याची किंमत शून्य, नाममुद्रेची शून्य, नावलौकिकाचीही शून्य. उरलेल्या चालू मालमत्तेतून केवळ जवळची देणी नव्हे, तर झाडून सारी देणी वजा केली. जे उरेल त्याला शेअरांच्या संख्येने भागले. या आकड्याच्या दोन तृतीयांशाहून कमी भावात शेअर मिळत असेल, तरच तो घ्यावा, असा त्यांचा नियम होता.

याहून कडक अशी एक चाळणी पुढे रूढ झाली. बाजारात तिला ‘नेट-नेट’ म्हणतात. निव्वळातले निव्वळ म्हणा हवे तर. मोडीच्या वेळी उधारी पूर्ण वसूल होत नाही आणि माल पडेल भावानेच विकावा लागतो, हे दुकानदाराला सांगावयास नको. म्हणून या हिशेबात रोकड रुपयाला सोळा आणे धरतात, येणी बारा आणे आणि माल केवळ आठ आणे. देणी मात्र पुरती धरतात. कारण देणेकरी सूट देत नसतो.

एक खरा हिशेब करून पाहू. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात बिएट्रिस नावाचे छोटे शहर आहे. तेथे डेम्पस्टर मिल नावाची, पवनचक्क्या, पंप व शेतीची अवजारे बनविणारी जुनी कंपनी होती. ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफेट यांनी १९५६ पासून तिचे शेअर थोडेथोडे घेतले आणि १९६१ साली कंपनीचा ताबा मिळविला. त्यांची सरासरी खरेदी शेअरमागे २८ डॉलरच्या आसपास होती. त्या वर्षअखेरचा ताळेबंद असा: रोकड १ लाख ६६ हजार डॉलर, येणी १० लाख ४० हजार, माल ४२ लाख ३ हजार, आगाऊ दिलेले खर्च ८२ हजार, एकूण चालू मालमत्ता ५४ लाख ९१ हजार. सर्व देणी २३ लाख १८ हजार. शेअर ६०,१४६.

ग्रॅहम यांच्या चाळणीतून हा हिशेब काढला, तर ३१ लाख ७३ हजार डॉलर उरतात. शेअरमागे सुमारे पावणेत्रेपन्न. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे पस्तीस. अठ्ठावीसची खरेदी त्याच्या खाली आहे. तेव्हा शेअर घ्यावयास हरकत नाही. आता कडक चाळणी लावा. रोकड १ लाख ६६ हजार, येण्यांचे बारा आणे ७ लाख ८० हजार, मालाचे आठ आणे २१ लाख १ हजार. आगाऊ खर्च शून्य. देणी वजा जाता सव्वासात लाखांच्या आसपास उरतात. शेअरमागे जेमतेम बारा डॉलर! एकाच ताळेबंदातून एकदा त्रेपन्न निघतात, एकदा बारा. या अंतराचे कारण एकच, गोदाम. चालू मालमत्तेचे तीन हिस्से मालात अडकलेले होते, आणि तो माल विकेल की गंजेल हे कागदावर लिहिलेले नव्हते.

स्वतः बफेट यांनी मधला मार्ग धरला होता. येण्यांना शेकडा ८५, मालाला शेकडा ६०, कारखान्याला लिलावात यावी तेवढी किंमत, असे धरून त्यांनी शेअरमागे ३५ डॉलर २५ सेंट असा आकडा काढला. परंतु आकडा काढून काम भागले नाही. कंपनीची रोकड आटत होती आणि माल साचत होता. शेवटी १९६२ साली त्यांनी हॅरी बॉटल नावाचा खमक्या व्यवस्थापक आणला. त्याने वर्षाच्या आत ४२ लाखांचा माल १६ लाखांवर आणला, कचेरीचा व विक्रीचा खर्च जवळजवळ निम्मा केला आणि कर्ज फेडले. त्याच पद्धतीने मोजलेली शेअरची किंमत वर्षभरात ५१ डॉलर २६ सेंटवर गेली. १९६३ मध्ये धंदा विकला गेला, तेव्हा बफेट यांच्या पदरी शेअरमागे सुमारे ८० डॉलर पडले.

येथे हिशेबाची वही क्षणभर मिटू या. ‘खर्च निम्मा केला’ या तीन शब्दांत कित्येक माणसांची नोकरी गेलेली असते. बिएट्रिस हे कारखान्यावर जगणारे गाव. बाहेरचा मालक येऊन कारखाना मोडून खाणार, या भीतीने गाव खवळले. गावकऱ्यांनी पैसे उभे केले आणि नव्या मालकांच्या हाती कारखाना गावातच राहिला. हा रोष बफेट यांच्या जिव्हारी लागला, आणि असा प्रसंग पुन्हा ओढवून घ्यावयाचा नाही असे त्यांनी ठरविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गुंतलेले भांडवल मोकळे करून उपयोगी पडेल तेथे लावणे हेही समाजाच्या हिताचेच आहे, असे अर्थशास्त्र सांगते, आणि ते खोटे नाही. परंतु ताळेबंदात ज्यांची किंमत शून्य धरली जाते, त्यांत यंत्रे चालविणारे हातही असतात, हे मोडीचा भाव काढणाराने विसरू नये.

आता अगदी निराळ्या धंद्याकडे वळू. आजकाल मुले मोबाइलवर जे खेळ खेळतात, ते बनविणाऱ्या छोट्या कंपन्याही शेअरबाजारात आहेत. यांना गोदाम नसते. मालाचा प्रश्नच मिटला! चालू मालमत्ता बहुतेक रोकडच. तेव्हा येथे ही चाळणी अचूक लागू पडावी, असे कोणालाही वाटेल. तैवानमधील तैपेई येथील गिगामीडिया ही अशीच एक छोटी कंपनी. ती २००० सालापासून अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आहे. २०२३ साली तिच्यापाशी शेअरमागे साडेतीन डॉलरच्या आसपास रोकड होती, आणि शेअरचा भाव मात्र दीड डॉलरच्या घरात होता. साडेतीन रुपयांची थैली दीड रुपयाला! बाजार वेडा झाला होता काय?

नाही, बाजार थैलीचे भोक पाहत होता. कंपनीला त्या काळात वर्षानुवर्षे तोटा होत होता. समजा, एखाद्या कंपनीपाशी शेअरमागे साडेतीन डॉलर आहेत आणि दरवर्षी त्यांतले तीस सेंट गळतात. सात वर्षांनी एक डॉलर चाळीस सेंट उरतील, म्हणजे आज दिलेल्या दीड डॉलरहूनही कमी. ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र असते. गळती त्यात दिसत नाही. ती पाहावयाची तर चार-पाच वर्षांचे ताळेबंद ओळीने मांडावे लागतात.

खेळांच्या कंपनीत आणखी दोन खुब्या असतात. खेळ तयार करण्यावर किंवा दुसऱ्याचा खेळ चालविण्याच्या हक्कावर झालेला खर्च पुष्कळदा मालमत्ता म्हणून दाखविलेला असतो. खेळ आपटला की तिची कवडीही येत नाही. म्हणून ती शून्य धरावी. उलट, खेळणारांनी आगाऊ पैसे भरून घेतलेली नाणी वा गुण हे कंपनीचे देणे म्हणून दिसते. पण ते फेडावयास धान्य द्यावे लागत नाही की कापड. यंत्रातला एक आकडा बदलला की ते फिटते. कडक चाळणीत हे देणेही पूर्ण वजा करावे. मात्र ते प्रत्यक्षात हलके आहे हे ध्यानात ठेवावे.

परंतु गळतीहूनही मोठा प्रश्न निराळाच आहे. पेटी उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे? डेम्पस्टरमध्ये बफेट यांच्याकडे सुमारे सत्तर टक्के शेअर होते. माल विका म्हटले की विकला जाई. शंभर शेअर घेणाऱ्या माणसाला हे शक्य आहे काय? पेटीत पैसा आहे हे त्याला दिसते. तो वाटण्याचा अधिकार मात्र चालकांचा असतो. आपल्या देशात तर हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. बाजारातील कंपनीचे निदान पंचवीस टक्के शेअर लोकांकडे असावेत असा नियम आहे. म्हणजे पाऊणशे टक्क्यांपर्यंत शेअर प्रवर्तकांकडे राहू शकतात. कंपनी स्वेच्छेने विसर्जित करावयाची तर भागधारकांची तीन-चतुर्थांश मते लागतात. ज्या घराण्याला ती चालूच ठेवावयाची आहे, त्याच्या मनाविरुद्ध मोडीचा भाव पदरात पडणे दुरापास्त.

बफेट यांनी हाच धडा पुढे स्वतः गिरविला. १९६२ साली त्यांनी बर्कशायर हॅथवे या कापडगिरणीचे शेअर साडेसात डॉलरला घेतले; शेअरमागे चालू भांडवलच सव्वादहा डॉलर होते. पुढे गिरणी त्यांच्या ताब्यात आली. किल्लीही हाती होती, तरी गिरणी त्यांनी चालू ठेवली. ती वर्षानुवर्षे पैसा खात राहिली आणि १९८५ मध्ये बंद करावी लागली. तुम्ही स्वतः धंदा मोडीत काढणारे नसाल, तर अशी स्वस्त खरेदी हे शहाणपण नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी १९८९ च्या आपल्या अहवालात मांडला.

मग ग्रॅहम चुकले काय? तसे नाही. एका कंपनीवर भिस्त ठेवा, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. अशा अनेक कंपन्यांचे थोडेथोडे शेअर एकत्र घ्यावेत, असे ते सांगत. त्यांतल्या काही बुडतील, काही नुसत्या पडून राहतील. पण काहींचा धंदा सुधारेल, काही दुसऱ्या कंपन्या विकत घेतील, काही पैसा वाटून टाकतील, आणि एकंदरीत नफा होईल. विमा कंपनी एकेका माणसाच्या आयुष्याची खात्री देत नाही, पण हजारांचा हिशेब तिला मांडता येतो. हा तसाच प्रकार आहे.

तेव्हा ‘मोडीच्या भावाहून स्वस्त’ अशी शिफारस कोणी आपल्यापुढे ठेवली, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. चालू मालमत्तेत रोकड किती आणि माल किती? सर्व देणी वजा केली आहेत, की फक्त जवळची? गेल्या पाच वर्षांत हा आकडा वाढला की आटला? आणि शेवटचा प्रश्न, पेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि ती फिरविण्याची त्याची इच्छा आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ताळेबंदांत सापडतात. चौथ्याचे उत्तर माणसे ओळखण्यात असते. ते मिळत नसेल, तर स्वस्ताई कितीही डोळ्यांत भरो, आपली पुंजी तेथे अडकवू नये.