जानेवारीतले रिकामे बाक

कर्नाटकाच्या निपाणी भागातल्या मराठी हायस्कुलात जानेवारीत जावे आणि दहावीच्या वर्गातले मागचे बाक मोजावेत. शिवारात तंबाखू कापणीला आलेला असतो, उसाचा हंगाम भरात असतो. घरात राबणारे हात मोजके, त्यातले दोन पंधरा वर्षांच्या पोराचे. नेमकी तेव्हाच एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या, पूर्वतयारीची घाई असते. अशा वेळी हजेरीपटावर गैरहजेरी मांडून न थांबता संध्याकाळी बांधावर जाऊन आईबापांशी बोलणारे शिक्षक, हीच या भागातल्या शाळांची खरी परंपरा, असे मी मानतो. स्नेहसंमेलन आणि निरोपसमारंभ तर सगळीकडेच होतात.

हा पोर अडतो कुठे? गणितात अडतोच, पण भाषेतही अडतो. कर्नाटकातली दहावी 625 गुणांची. प्रथम भाषा 125 गुणांची, बाकी पाच विषय शंभर-शंभरांचे. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन भाषा, त्याही तीन लिप्यांत. घरी, गल्लीत, मळ्यात मराठीच. कन्नड फक्त तासापुरती. जोडाक्षरापाशी गाडी अडली की सगळा विषयच नको होतो. मग शाळा सुटल्यावर चारदोन मुलांना बसवून पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवून घ्यावे लागते. नववीतल्या मुलाला बाराखडीची लाज वाटू न देता हे करणे फार नाजूक काम आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

निपाणीत आणखी एक अडचण घरातच असते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून हजार भरायला मुलीही हात लावतात. विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा 1976 चा. त्यातून त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीही आली. पण आईचे ओळखपत्र, बँकेचे खाते, अर्ज यांचा मेळ घालून द्यायला कुणीतरी लागतेच, आणि बहुधा वर्गशिक्षकच हाताशी असतात.

मदतीचा हा धागा जुना आहे. बेळगावात 1916 मध्ये सात तरुण शिक्षकांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी एक शाळा काढली आणि तिच्यातून केएलई संस्था उभी राहिली. त्या सातांना लोक आजही सप्तर्षी म्हणतात. शाळा कन्नड समाजातली. पण वर्गणी मागून पोरे शिकवायची तळमळ मराठी मुलखालाही ओळखीची. एप्रिल 1925 मध्ये डॉ. आंबेडकर बहिष्कृतांच्या परिषदेसाठी निपाणीत आले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. गरीब मुलाला नुसती शाळा पुरत नाही, निजायला जागा आणि दोन वेळचे जेवणही लागते, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर राज्यांची हद्द शाळेच्या दारात आली. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथले देवचंद महाविद्यालय 1960 पासून सीमेच्या अलीकडची पोरे सामावून घेत आले आहे. एकाच गल्लीतली दोन भावंडे दोन राज्यांच्या अभ्यासक्रमांत शिकू शकतात. या ओढाताणीत हुशार मुलगा तरून जातो. मला काळजी वाटते ती मागे पडणाऱ्याची.

त्याच्यासाठी 2024 पासून एक वाट रुंद झाली. एसएसएलसीची परीक्षा आता वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते. पण निकालाच्या दिवशी शाळेत येतात ते पेढे घेऊन येणारेच. जो आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे लागते. पुढच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत थोडी असते, आणि तोवर पोर एखाद्या गॅरेजात कामाला लागलेला असतो.