पडायला जागा हवी

भातकापणी उरकली की गोव्यात पेडण्याकडे, डिचोलीकडे पेंढ्याचे ढीग दिसू लागतात. त्यावर उडी घेणारं पोर पायांवर उतरायचा विचारच करत नाही. पाठ टाकून देतं झोकून. तेच पोर शाळेच्या वाळूच्या खड्ड्यापुढे उभं राहिलं की कात्रीसारखे पाय टाकत आडवी दांडी ओलांडतं आणि निमूट पायांवर उतरतं. उंच उडीचा अर्धा इतिहास या फरकात आहे.

अडीच मीटरच्या आसपासच्या उंचीवरून पडणारं शरीर वाळूने पाच सेंटिमीटरमध्ये थांबवलं आणि जाड फोमने पन्नासमध्ये, तर फोमवरचा सरासरी धक्का साधारण दहापट कमी. म्हणूनच मैदानांवर गाद्या आल्यावर पाठीवर पडायची सोय झाली. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उडी मारली, सुवर्ण नेलं. चारच वर्षांनी म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीची उलरिके मायफार्ट, वय वर्षं सोळा, याच रीतीने १.९२ मीटर उडाली. सुवर्णपदक, वर विश्वविक्रमाची बरोबरी.

पाठीवरून जाण्यात फायदा कसला? पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, टोपलीतलं एक कांकण (बांगडीसारखा गोल पाव) घ्या. त्याचा गुरुत्वमध्य पावात नसतो, मधल्या भोकात असतो, जिथे खायला काहीच नाही. दांडीवर कमान झालेला उडीपटू म्हणजे अर्धं कांकण. डोकं, पाठ, पाय एकामागून एक दांडीवरून सरकतात आणि गुरुत्वमध्य मात्र दांडीखालून निसटू शकतो. सेकंदाला साडेचार मीटर वेगाने वर सुटलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जेमतेम मीटरभर चढतो, तेव्हा वाचलेला एकेक सेंटिमीटर मोलाचा. (उरलेली उंची आईबापांनी दिलेली, तिथे सरावाचा इलाज नाही.)

पोदेराकडूनच दुसरा धडाही मिळतो. वळणावर त्याची सायकल आतल्या बाजूला कलते. उडीपटूची शेवटची चार-पाच पावलं वळणाची असतात ती याचसाठी. कललेल्या शरीराचा गुरुत्वमध्य गुडघे फार न वाकवताच खाली येतो, आणि पाय रोवताच ते शरीर उभं होत जातं. तीच गती पुढे त्याला दांडीवरून उलटवते. पाय रोवून सुटणं उरकतं सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास.

पण तंत्र नवं म्हणून पदक ठरलेलं, असंही नाही. पूर्व जर्मनीची रोझमारी आकरमान पोट दांडीकडे करून ओलांडायची जुनी रीत धरून राहिली. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला तिने सुवर्ण जिंकलं, २६ ऑगस्ट १९७७ रोजी बर्लिनमध्ये दोन मीटर ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. मायफार्ट मॉन्ट्रियलला अंतिम फेरीतही नव्हती. १९८० ला तिच्या देशाने मॉस्कोवर बहिष्कार घातला. सोळाव्या वर्षी जग जिंकलेली मुलगी बारा वर्षं वाट बघत राहिली. १९८४ साली लॉस एंजेलिसला २.०२ मीटरवर तिने दुसरं सुवर्ण घेतलं आणि खेळ थांबवला. मला तिच्या दोन पदकांपेक्षा मधली बारा वर्षंच जास्त थक्क करतात.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत २.२८ मीटर उडाला आणि सहावा आला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याकडे फोमची गादी नव्हती. मक्याचा भुसा भरून गादी केली होती. भौतिकशास्त्राची त्या गादीला काहीच हरकत नव्हती. फोमच्या छिद्रांत अडकलेली हवा दाबाखाली हळूहळू बाहेर पडते, म्हणून शरीर अलगद थांबतं. भुशाच्या फटींतही तीच हवा असते, आणि पेडण्याच्या पेंढ्यातही.