तेल उन्हात, जोडा सावलीत

सकाळी ७:३०
अमरावती, बसस्थानकाजवळचा रस्ता. बूट-चपला शिवणारे काका पत्र्याच्या स्टॉलचं कुलूप काढतात. समाजकल्याणच्या गटई कामगार योजनेतून मिळालेला हा स्टॉल. जून लागलाय, पावसाचा पत्ता नाही. पत्रा आत्तापासूनच तापतोय. रापी, आरी, जंबूर, हातोडी, लोखंडी ऐरण, सगळं हाताच्या अंतरावर मांडून होतं. पाण्याची कुंडी भरली जाते. शेवटी एरंडेलाची बाटली निघते, ती स्टॉलबाहेर उन्हात ठेवतात. एरंडेल घट्ट असतं. ऊन लागलं की पातळ होतं आणि कातड्यात लवकर शिरतं.

सकाळी ८:३०
पहिलं गिऱ्हाईक वनरक्षक. मेळघाटातून ऑफिसच्या कामाला आलेले, संध्याकाळच्या गाडीनं परतवाड्याला जाणारे. देशात १९७३ साली जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होतं. तिथं गस्त पायीच घालावी लागते. त्यांच्या बुटांवर चकचकीत काळं पॉलिश आहे, पण घडीवर कातडं पांढुरकं पडलंय.

काका बूट हातात घेऊन वाकवतात. हे कातडं तेल पाजून कमावलेलं, दुकानदार त्याला ऑइल पुलअप म्हणतात. ते दुमडलं की घडीवरचं तेल बाजूला सरकतं, तेवढा भाग फिका दिसतो. हात काढला की रंग परत येतो. या बुटाचा रंग परत येत नाही. आतलं तेल आटलंय आणि वर मेणाचा थर बसलाय.

"साहेब, ह्याले पालिश कायले लावलं? ह्याले तेल पायजे."

साहेब बूट ठेवून चपलेवर ऑफिसला जातात.

सकाळी ९:१५
आधी कोरडा ब्रश. शिवणीतली माती आरीच्या टोकानं हलकेच काढायची. मग कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. एकदा, दोनदा, चारदा. फडकं काळं होत जातं, मेण सुटत जातं. नाड्या काढलेल्या, जीभ बाहेर ओढलेली. आत जुना पेपर कोंबून बूट स्टॉलमागच्या सावलीत जातात. पेपर ओल ओढून घेतो आणि आकारही धरून ठेवतो. उन्हात ठेवले तर कातडं आकसतं, मग तडे जातात.

मधल्या वेळात कॉलेजच्या पोरांची पॉलिशं. एका जोडाचे तीस रुपये. पाच मिनिटांचं काम.

सकाळी ११:००
बूट जवळपास सुकलेत. काका फडक्यावर चार थेंब तेल घेतात, बुटावर थेट ओतत नाहीत. आधी घडी, मग टाच, मग शिवण, शेवटी पुढचा भाग. बोटांनी गोल गोल चोळत जातात. कातडं गडद होतं. एका जागी काट्यानं ओढलेला पांढरा ओरखडा आहे. त्यावर ते अंगठा दाबून घासतात. अंगठ्याच्या उबेनं आसपासचं तेल तिथं सरकतं आणि ओरखडा बुजतो.

दुपारी १:३०
मूर्तिजापूरचे शेतकरी येतात. सोयाबीनच्या बियाण्याला आले होते, सोबत पिशवीत जुना गावठी जोडा. लाकडासारखा कडक.

"काय लावलं होतं, भाऊ?"

"घरचं जवसाचं तेल."

"ते वायते न् वरून पापडी धरते. कातडं अजून कडक होते. एरंडेल वायत नाइ."

शिलाईचे चाळीस. तेलाचे साठ सांगितले, शेतकरी चाळीस म्हणतात. काका चाळीसला तयार होतात. बियाण्याच्या पिशव्या त्यांनी पाहिल्यात. मेणदोरा ओढून आठ टाके घालतात, मग तेल. हा जोडा एका हातात मऊ व्हायचा नाही. घरी तीन-चार दिवस थोडं थोडं लावायला सांगतात.

दुपारी ४:००
बुटांचं तेल मुरलंय. वर राहिलेलं कोरड्या फडक्यानं पुसून घेतात. दुसरा हात नाही. तेल जास्त झालं तर कातडं ढिलं पडतं, शिवण सैल होते, धूळ चिकटते. नुसत्या ब्रशनं घासल्यावर बुटाला मंद तकाकी येते. या जोडाला हात लागून-लागून तास गेलाय. पॉलिशच्या हिशेबानं तेवढ्यात तीनशे साठ झाले असते.

संध्याकाळी ६:१५
हिशेब. पॉलिश सात जोड, दोनशे दहा. शिलाई चार, एकशे साठ. एक सोल चिकटवला, एकशे वीस. शेतकऱ्याचं तेल चाळीस, साहेबांचे यायचे साठ धरले. एकूण पाचशे नव्वद. दोरा, खिळे, सोल्यूशन नव्वद. चहा तीस. ऑटो चाळीस. हातात चारशे तीस.

संध्याकाळी ६:४०
साहेब येतात. बूट दुमडून बघतात. घडी फिकी होते, रंग परत येतो. साठ रुपये देतात आणि पुन्हा कधी आणायचे, विचारतात.

"आनू नका. पावसात भिजले तं सावलीत वायवा. मंग चार थेंब एरंडेल घरीच लावा. बुरशी आली तं कोरड्या ब्रशनं झाडा, मंग तेल. शिलाई उसवली तं माह्याकडं या."