पडदा लावला की अंधार, काढला की शेजारी: खिडकीचं करायचं काय?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांत तो रोजचा आहे. भर दुपारी बारा वाजता घरात ट्यूब चालू. का? तर खिडकीसमोर तीन फुटांची बोळ आणि पलीकडे शेजाऱ्यांची खिडकी. पडदा काढला तर त्यांना आपलं ताट दिसतं, लावला तर आपल्यालाच दिसत नाही.

आणि हा अंधार घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही बरं का. माझ्यासारखा माणूस लॅपटॉप उचलून वरच्या खोलीत जाऊ शकतो. दिवसभर स्वयंपाकघरात असणारी आई कुठं जाणार? लातूरला क्लासेसच्या भागात फिरा, मुलींच्या खोल्यांच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसेल. दोन वर्षं नीटचा अभ्यास आणि खोलीत दिवस उगवतच नाही.

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवला होता. मराठवाड्यातला वाडा आठवा. रस्त्याकडं जाड दगडी भिंत, खिडकी जवळजवळ नाहीच. उजेड यायचा मधल्या चौकातून, आणि आतल्या खोल्यांत माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. म्हणजे उजेड वरून आणि नजर बाहेर. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसत नाही आणि घरातल्या बाईला चौकात मोकळं बसता येतं. आतल्या खोल्या अंधाऱ्या असायच्या हे खरं, पण चौक सगळ्यांचा होता.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात त्याच जाड भिंती आणि मातीची जड माळवदं माणसांवर कोसळली. दोष आडोशाचा नव्हता. भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत बांधलेले नव्हते, जोडणी मातीची होती आणि डोक्यावर प्रचंड वजन होतं. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रुंद रस्ते, रांगेतली घरं, दार-खिडक्या थेट रस्त्यावर. घर मजबूत झालं, पण चौक गेला. पुढं लोकांनी हळूहळू घरापुढं स्वतःच कंपाउंडच्या भिंती उभ्या केल्या. त्यातून एक गोष्ट कळते: आडोसा ही चैन नाही, गरज आहे. घर बांधताना तो दिला नाही, तर माणसं स्वतः करून घेतात, मग उजेड गेला तरी चालेल.

आता थोडं विज्ञान. काचेतून कोणाला काय दिसणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: उजेड कोणत्या बाजूला जास्त आहे. उन्हाळ्यात दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, खोलीत दोन-तीनशे. म्हणून दिवसा साध्या जाळीच्या पांढऱ्या पडद्यामागचं बाहेरून जवळजवळ दिसत नाही. रात्री उलटं होतं. आत दिवा, बाहेर अंधार, आणि तोच पडदा पारदर्शक! आरशासारख्या फिल्मचंही तेच. दुकानदार दिवसा दाखवतो, तुम्ही खूश होता, आणि संध्याकाळी सातला सगळी गल्ली तुमची मालिका बघते. म्हणून दिवसाचा आणि रात्रीचा पडदा वेगळा हवा. आत जाळीचा, त्याच्या जोडीला जाड. दिवे लागले की जाड ओढायचा.

दुसरी गोष्ट. नजर साधारण पाच फुटांवर असते आणि उजेड आकाशातून येतो. खिडकीचा वरचा भाग आकाश बघतो, म्हणून खोलीत आतपर्यंत उजेड तोच पोचवतो. खालचा भाग बघतो शेजाऱ्याला. मग पूर्ण खिडकी झाकायची कशाला? झाका फक्त खालचा अर्धा भाग. मधोमध दांडी लावून अर्धा पडदा, किंवा खालच्या काचेला दुधी फिल्म. वर्तमानपत्र उजेड अडवतं. दुधी काच तो अडवत नाही, पसरवते. उजेड येतो, चित्र पुसतं. एक मात्र लक्षात ठेवा, रात्री काचेला चिकटून उभं राहिलात तर सावली दिसते. कपडे बदलायच्या खोलीत तेव्हा जाड पडदा लागतोच.

भाड्याच्या खोलीतही हे जमतं. फिल्म साबणाच्या पाण्यानं चिकटते, पुढं काढता येते. घरमालकाशी भांडण नाही.

नवं घर बांधत असाल तर मिस्त्रीला आधीच सांगा: बोळीकडची खिडकी साडेपाच फुटांच्या वर, आडवी आणि लांब. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी येऊ देऊ नका, दोन फूट सरकवली तरी फरक पडतो. बोळीतली भिंत पांढरी रंगवा, तिच्यावरून उजेड परतून आत येतो. जिन्याला सिमेंटची जाळी द्या. पश्चिमेला मोठी काच नको. आपल्याकडं मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला छज्जा पुरतो. पण चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथं बाहेरून चिक किंवा कडुनिंब.

आणि शेजाऱ्याशी वाद झाला तर? १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टमध्ये दोन्ही बाजू आहेत. एखाद्या इमारतीला २० वर्षं विनाखंड, शांतपणे उजेड-वारा मिळत असेल, तर त्यावर हक्क तयार होऊ शकतो. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमात असंही उदाहरण आहे की, एखाद्या शहरात तशी प्रथा असेल तर शेजाऱ्याच्या घरातल्या खासगी भागावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. पण ती प्रथा सिद्ध करावी लागते, आणि त्यात वर्षं जातात. त्यापेक्षा वीट रचायच्या आधी शेजारच्या काकांकडं चहाला जा. खिडकी कागदावर असताना सरकवायला काहीच खर्च येत नाही.

या रविवारी एवढंच करा. दुपारी घरातल्या सगळ्या ट्यूब बंद करा आणि कोणती खोली अंधारी राहते ते बघा. त्या खोलीत दिवसभर कोण असतं, तेही बघा. सुरुवात तिथूनच करा. भेटू पुढच्या भागात!